अनुभव धागा : बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात अपंगत्वाच्या पैशात कुठलं गाव परवडलं?

धागाकर्ता (पिंपरी, मूळ खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. गेली १९ वर्षं पिंपरीत आहे. २०२१ ला कंपनीत शेडवरून पडलो आणि कमरेखालचं सगळं गेलं. आता चाकाची खुर्ची, मी आणि बायको. ईएसआयचा (कामगार विम्याचा) कायम अपंगत्वाचा लाभ महिन्याला ११,२०० येतो. तो आजन्म आहे. खरं भाड्यालाच ७,५०० जातात आणि उरलेल्यात कॅथेटर (लघवीची नळी), युरोबॅग, औषधं आणि जेवण. बायको शिवण करते म्हणून चूल पेटते.

परत आपल्या भागात यायचं ठरवलंय. मूळ गावात नाही, तिथं भावकीचं घर आहे आणि ते आठ पायऱ्या वर आहे. निपाणी, संकेश्वर, खानापूर, उगार, चिकोडी असलं कुठलंही छोटं गाव चालेल. जे राहताहेत त्यांनी सांगावं: घर कसं मिळालं, दवाखाना किती लांब, महिन्याला खरंच किती लागतात. ‘गावी या, हवा चांगली’ एवढंच लिहू नका. हवा पिंपरीतही फुकटच मिळते.

निपाणीवाली

दादा, माझे दोन्ही पाय पोलिओचे. कॅलिपर आणि कुबड्या. आईनं विड्या वळून वाढवलं, आता मी एकटी राहते, पिको-फॉलचं मशीन आहे. अपंगत्व ७५ टक्क्यांच्या वर आहे म्हणून कर्नाटकची पेन्शन १,४०० मिळते. ४० ते ७५ मध्ये असतं तर ८०० वर बसावं लागलं असतं.

निपाणीत भाडं नंतर विचारा, आधी दारातलं गटार बघा. घरमालक फोनवर म्हणतो, ‘एकच पायरी हाय ओ.’ जाऊन बघितलं तर ती पायरी गुडघ्याएवढी, कारण तिच्याखालून गटार गेलेलं आणि वर कडप्पा टाकलेला. कडप्पा हलतो. कुबडी त्याच्या फटीत अडकून मी एकदा सरळ तोंडावर पडले, पुढचा दात त्याचीच आठवण. अकरा घरं बघितली. बारावं मिळालं ते ३,००० भाड्याचं, दोन खोल्या, दार रस्त्याच्या पातळीला. पाहुणे म्हणतात रस्त्यावरचं घर, धूळ येते. येऊ दे की.

लाइट बिल शून्य येतं. भाडेकरूलाही गृहज्योती मिळते, फक्त भाडेकरार करून घ्या आणि मीटरचा आर.आर. नंबर आपल्या आधारला जोडून घ्या. माझा मालक करार करायला तयार नव्हता. त्याला वाटलं मी घर बळकावीन. दोन पायांवर उभं राहता येत नाही, घर कुठलं बळकावतेय!

बस बायकांना शक्ती योजनेत फुकट आहे खरं तिची पहिली पायरी माझ्या कमरेला लागते. ओळखीचे कंडक्टर हात देतात, नवीन असला की शिट्टी वाजवतो. कोल्हापूरला जायचं तर तिकीट काढावं लागतं, तेवढं धरून चाला. डॉक्टर मात्र कोल्हापूरचेच बरे पडतात, भाषेचा प्रश्न येत नाही.

महिन्याला मला साडेसात हजार लागतात, मशीन बंद पडलं नाही तर.

खानापूरचा बाप

मुलाबद्दल लिहितो. १६ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्वही आहे, प्रमाणपत्र ९० टक्क्यांचं.

जांबोटीच्या बाजूला आमचं स्वतःचं घर आहे. भाडं नाही, पाणी विहिरीचं, अंगणात फणस. ते सोडून खानापुरात ३,५०० भाडं भरून राहतो म्हणून भावांनी वेड्यात काढलं. कारण सांगतो. घरापासून डांबरी रस्ता दोन किलोमीटर. तिकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, जूनपासून तांबडा चिखल जो सुरू होतो तो गणपतीनंतरच वाळतो. मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला खांद्यावर टाकून, वर इरलं घेऊन मी ते दोन किलोमीटर चालायचो. आज तो ४२ किलोचा आहे आणि माझी कंबर ५१ वर्षांची. गेल्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात रात्री त्याला फिट आली. चौघांनी घोंगड्याच्या झोळीतून नेला. वाटेत एकाचा पाय घसरला आणि झोळी ओढ्याच्या कडेला टेकली. पोरगा हसत होता. त्याला वाटलं झोका आहे.

ती झोळी अजून माळ्यावर आहे. पुढच्या महिन्यात खोली बघितली.

खानापुरातून आठवड्याला एकदा बेळगावला नेऊन फिजिओथेरपी करतो. रेल्वेनं अंतर थोडं, पण गाडी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर लागली की पूल चढायचा. मग रिक्षाच करतो. ‘निरामय’ विमा जरूर काढा, तो सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे. बीपीएलला २५० रुपये भरून वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचे पैसेही निघतात. आमच्याकडं किती जणांना ठाऊक नाही! मलाही आमच्या पंचायतीतल्या व्ही.आर.डब्ल्यू. नं, म्हणजे अपंगांसाठी नेमलेल्या गावच्या पुनर्वसन कार्यकर्त्यानं सांगितलं. तो स्वतः काठीवर चालतो. तुम्ही ज्या गावात जाल तिथं पहिल्यांदा हा माणूस शोधा, घर दुसऱ्यांदा.

शिनोळीच्या अलीकडचा

भाऊ, कर्नाटकाचा नाका ओलांडूच नका. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात रहा. बेळगावचे दवाखाने शिनोळीहून जवळ आणि कागदपत्रं मराठीत. संजय गांधी निराधारमध्ये अपंगांना आता २,५०० मिळतात, तिकडं १,४००. अकराशेचा फरक म्हणजे महिन्याचा किराणा.

माहेर चंदगड, सासर बेळगाव तालुका

वरच्या दादांचं गणित बरोबर आहे, पण ते गणित नाक्यावर उभं राहून करता येत नाही. मी करून बसलेय.

उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेला तेव्हा मी माहेरी होते. प्रमाणपत्र महाराष्ट्रातलं, अनुदानही तिथलंच. नंतर सासरचं रेशन कार्ड झालं आणि तिकडचं नाव कमी केलं. इकडं अर्ज दिला तर टेबलावरचे साहेब म्हणाले, हे मराठी प्रमाणपत्र चालत नाही, पुन्हा तपासून घ्या. मी यूडीआयडी कार्ड दाखवलं, ते देशभर चालतं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ‘इदू बेड,’ म्हणजे हे नको. पाय दुसऱ्यांदा तपासायचा म्हणजे काय करायचं? तो उगवला का ते बघायचं? आठ महिने ना इकडचे पैसे ना तिकडचे. शेवटी सगळा अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला, नाडकचेरीत (महसूल खात्याच्या कचेरीत) पोचपावती घेतली, तेव्हा हललं. म्हणून सांगते, तिकडचं बंद करायच्या आधी इकडचे कागद पूर्ण करा, आणि दोन्हीकडून घ्यायच्या भानगडीत पडू नका. आमच्या गल्लीत एकाकडून वसुली झाली.

आणि धागाकर्ते भाऊ, तुम्हाला १,४०० काय नि २,५०० काय, दोन्ही धरता येणार नाहीत असं वाटतं. महिन्याला ११,२०० म्हणजे वर्षाचे १,३४,४०० झाले. पेन्शनची उत्पन्नाची मर्यादा त्याच्या फार खाली आहे. संजय गांधीला वर महाराष्ट्रातला १५ वर्षांचा रहिवास लागतो. तो तुमचा भरतो खरं, पण उत्पन्नात अडकाल. तुमचा ईएसआयचा पैसा कुठंही येतो, तेव्हा पेन्शन बघून गाव निवडू नका. ईएसआयचा दवाखाना कुठं आहे ते बघा.

उगारचा आंधळा मास्तर

पूर्ण अंध आहे, संगीत शिकवायचो. फोन वाचून दाखवतो, मी बोलून लिहितो, चुका फोनच्या.

उगार खुर्दला राहायचं कारण नाकाशी आहे. हंगामात कारखान्याच्या मळीचा वास कुठून येतो त्यावरून मला दिशा कळते. स्टेशन, भडंगवाला, पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ, सगळं वासावर आणि पावलांवर पाठ. मिरज पॅसेंजरनं जवळ, तिथं दवाखान्यांना तोटा नाही. खोलीचे १,८०० देतो. मोठ्या शहरात मला हात धरून रस्ता ओलांडून देणारे पुष्कळ भेटले, पण मला कुठं जायचंय ते विचारणारे कमी.

एक सांगतो. इकडं फारच स्वस्त घर मिळालं तर शेजाऱ्याला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? माझ्या आधीच्या खोलीचं भाडं १,००० होतं. ऑगस्टात कृष्णा आली तेव्हा पाण्याचा आवाज मला शेजाऱ्यांच्या आधी ऐकू आला, पण माझं ऐकतो कोण. हार्मोनियम गेली. कुडचीचा पूल पाण्याखाली गेला की पलीकडची बाजूच तुटते. खुर्चीवरच्या माणसानं नदीकाठ टाळावा, बस्स.

वडगावकर

सगळे छोट्या गावाचं कौतुक करताहेत म्हणून उलटं लिहिते. नवऱ्याचा मणका, तुमच्यासारखंच. दोन वर्षं संकेश्वरला होतो, भाडं २,८००, माणसं सोन्यासारखी. पण १४ नंबरची फोली (कॅथेटरची नळी) मेडिकलवाल्याला आधी सांगून ठेवावी लागायची. एकदा ती संपली, एकदा तुंबली, रात्री दोन वाजता ताप १०३. बेळगावला गाडी करून आणला, सकाळपर्यंत तीन महिन्यांची बचत गेली. आणि लाइट! त्याला हवेची गादी लागते. रात्री लाइट गेली की गादी बसते. सकाळी माकडहाडावर लाल चट्टा, आणि तो चट्टा बरा व्हायला चार महिने. आता बेळगावात वडगावला मागाच्या गल्लीत आहोत, ४,५००. माग दिवसभर खटखटतात, नळाला पाणी रोज नाही, तरी डॉक्टर रिक्षानं पंधरा मिनिटांवर. छोट्या गावात जायचंच असेल तर आधी गादीच्या पंपापुरता छोटा इन्व्हर्टर घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे उपकार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण येऊन बघत होतो. भाच्याची टेंपो, मागं खुर्ची बांधून.

ताईंचं ऐकून भाड्याआधी गटार बघितलं. आणि मी स्वतःची एक भर घातली, खिशात टेप ठेवली. माझी खुर्ची साडेपंचवीस इंच. खोलीची दारं कुठंही तीस-बत्तीसची, त्यात अडचण नाही. पण न्हाणीचं आणि संडासाचं दार सगळीकडं चोवीस! खानापुरात, निपाणीत, अगदी नवीन स्लॅबच्या घरातही चोवीसच. गवंड्याला विचारलं तर म्हणाला, तयार दार तेवढंच येतं. दीड इंचासाठी माणूस दुसऱ्याच्या हातात जातो.

संजय गांधीचं नाव डोक्यातून काढलं. बेळगावला ईएसआयचं बघून आलो, मागच्या उपचाराचे कागद पिंपरीहून आणायला सांगितलेत. उगार आवडलं, पण बायको पुराला भिते. निपाणी मला आवडलं, कोल्हापूर जवळ. पण शेवटी खानापूरचं जमतंय असं दिसतं. स्टेशनपासून आत, डांबरी रस्त्याला लागून, ३,२०० भाडं. म्हातारी मालकीण. तिचा नवरा शेवटी दोन वर्षं अंथरुणाला होता. मी टेप काढली तशी ती आत गेली, चष्मा घेऊन आली आणि न्हाणीच्या दाराशी वाकून म्हणाली, ‘हे दार काढूया की. पडदा लावा तुम्ही. आमच्या ह्यांच्या वेळी मला सुचलं नाही.’

चौकट काढून साडेसत्तावीस मिळतात. उंबऱ्यावर सेंट्रिंगची फळी टाकून भाच्यानं मला एकदा आत नेलं, एकदा बाहेर. बाहेर येताना फळी घसरली, तिला खालून पट्टी मारायला हवी. खानापूरकर काका, तुमच्या ओळखीचा कुणी सुतार आहे का? आणि तो काठीवाला व्ही.आर.डब्ल्यू. गावात कुठल्या वारी भेटतो?