सरासरी ८४.०० का येते?

सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये पाच विषयांच्या गुणांची बेरीज ४२३, तरी सरासरी ८४.६० ऐवजी ८४.०० छापली जाते, या प्रश्नावर वर ‘व्हेरिएबल फ्लोट (दशांश साठवणारा प्रकार) करा’ असं उत्तर आलंय. त्यानं फरक पडणार नाही. सरासरीचं व्हेरिएबल आधीपासूनच फ्लोट आहे, म्हणून तर पॉइंटनंतरची दोन शून्यं दिसतायत! खरी गोची = च्या उजव्या बाजूला, बेरीज / ५ मध्ये आहे. ४२३ इंट (पूर्णांक), ५ पण इंट, त्यामुळे भागाकारही इंट: ८४. पुढचा .६ तिथेच गेला, फ्लोटमध्ये साठवेपर्यंत उरलाच नाही. ५ च्या जागी ५.० लिहा, काम झालं.

फॅरनहाइटचं सेल्सिअस करायच्या प्रोग्रॅममध्येही हेच होतं. ५ / ९ * (फॅ - ३२) लिहिलं की ५ / ९ चे आधी ० होतात आणि भर उन्हाळ्यातही पारा शून्यावर. इथेही ५.० / ९ करा.

आता भागाकाराची बाकी देणाऱ्या % बद्दल, कारण ते कुणीच काढलं नाही. विषम संख्या ओळखायला सगळे ‘न % २ == १’ शिकवतात. न ला -७ देऊन बघा. सी९९ पासून (सी भाषेचं १९९९ चं प्रमाण) भागाकार शून्याच्या दिशेने छाटला जातो हे पक्कं ठरलंय, म्हणून -७ / २ = -३ आणि बाकी -१. म्हणजे -७ विषम नाही असं उत्तर येणार. ‘न % २ != ०’ (बाकी शून्य नाही) असं तपासलं तर हा घोळ होत नाही. पायथॉनवरून सीकडे येणाऱ्यांनी विशेष जपावं, तिथे हीच बाकी १ येते.