रोबोट वेल्डिंगपर्यंत पोचला, वायरिंगपाशी अडला

‘रोबोट आले की मोटारींच्या कारखान्यांतली माणसे संपणार’ असे अनेकदा म्हटले जाते; हे विधान मला सरसकट पटत नाही, कारण आपण कारखान्याच्या कोणत्या भागाबद्दल बोलतो आहोत, यावर उत्तर बदलते. १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात युनिमेट हा औद्योगिक रोबोट बसवला गेला, तो साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्यासाठी, म्हणजे माणसालाही नकोशा असलेल्या कामासाठी. आज स्पॉट वेल्डिंग (पत्रे ठिकठिकाणी वितळवून जोडणे) आणि रंगकाम बव्हंशी स्वयंचलित झाले आहे.

शेवटच्या जुळणीच्या लाइनवर मात्र चित्र उलटे दिसते. वायरिंगचा लोंबता जुडगा डॅशबोर्डमागून ओवताना क्लिप नीट बसल्याचा ‘टक्’ कामगाराच्या बोटांना कळतो. रोबोटला नेमके हेच जड जाते, कारण त्याला वस्तू दर वेळी त्याच जागी आणि त्याच आकारात लागते. तरी हेही काम यंत्रांकडे सोपवण्याची हौस जुनीच आहे: फोक्सवागनने १९८३ साली जर्मनीतील आपल्या वोल्फ्सबुर्ग कारखान्याच्या हॉल ५४ मध्ये अंतिम जुळणीचे यांत्रिकीकरण मोठ्या उमेदीने केले होते, आणि २०१८ मध्ये टेस्लातील अतिरेकी स्वयंचलन ही आपलीच चूक असल्याचे इलॉन मस्क यांनी जाहीरपणे कबूल केले. (पस्तीस वर्षांनी तीच हौस!)

माझी चिंता वेगळी आहे. इलेक्ट्रिक मोटारीत इंजिन, इंधनाची टाकी, सायलेन्सर हे भागच नसल्यामुळे, मोठ्या कारखान्याभोवती वसलेल्या लहान पुरवठादारांचे काम एकही रोबोट न येता जाऊ शकते, आणि ते मुख्य कारखान्याच्या हजेरीपटावर दिसत नाही.