मदत हवी आहे: बोका भुकेला आहे, पण खात नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आमचा मन्या नऊ वर्षांचा आहे, नसबंदी झालेला, अंगाने चांगला भरलेला. परवापासून त्याचं खाणं जवळजवळ बंद आहे. आम्ही इंदिरानगरला राहतो.

त्याची भूक गेलीय असं मला अजिबात वाटत नाही. चिकन शिजायला लागलं की ओट्यापाशी येऊन पायात घोटाळतो. ताटली ठेवली की वास घेतो, मान कलती करून तुकडा उचलतो आणि लगेच टाकून देतो. मग पंजाने गाल ओढत बसतो. डाव्या बाजूने लाळ गळते, तिला घाण वास येतो. कोरड्या दाण्यांना तोंडच लावत नाही, पाणी मात्र पितो.

काल डॉक्टरांना दाखवलं. ताप नाही, १०१.५ भरला (मांजरांना तेवढं नॉर्मलच). सलाईन लावलं, भूक वाढायचं औषध दिलं. तोंड उघडू देईना, त्यामुळे आतलं काही बघता आलं नाही. पण भूक आहेच, ती वाढवून काय होणार? दुखतंय कुठे ते आधी कळायला हवं.

वाट बघायची भीती वाटते. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी चरबी यकृतात साठू लागते, कावीळ होऊ शकते. हिरड्या आणि कानांची आतली बाजू पिवळी पडत नाही ना, ते सारखी बघतेय.

नाशिकमध्ये मांजराला भूल देऊन दात तपासणारं, दातांचा एक्स-रे काढणारं कोणी आहे का? पंचवटी, नाशिकरोड, कुठेही नेईन. परळला प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल आहे, पण या अवस्थेत कसारा घाट उतरून मुंबईपर्यंत न्यायचं जिवावर येतंय. भुलीआधी किडनी-लिव्हरची रक्ततपासणी करून घेणारच आहे, कारण किडनी बिघडली तरी तोंडात व्रण येतात.

तोवर चिकन मिक्सरमधून पातळ करून, कोमट करून चाटवतेय. कांदा-लसूण काही नाही. दुखऱ्या तोंडात सिरिंजने भरवावं का? नाकातून नळी घालून कोणी मांजराला भरवलंय का?

एक विनंती, माणसांच्या गोळ्या कृपया सुचवू नका. पॅरासिटामॉल मांजरांना विषारी असते, आणि ती देण्याचा सल्ला मला सकाळपासून दोघांनी दिलाय.

फोन नंबर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रात्रीही चालेल.