शिडाच्या बोटीला फोल्डिंग पंखा (प्रोपेलर) घ्यावा की फेदरिंग?

शिडवाला:
मंडळी, बोट ३६ फुटी आहे, पाण्यालगतची लांबी ३० फूट, फिन कील (बुडाखाली माशाच्या पंखासारखी आखूड कील), ३० हॉर्सपॉवर डिझेल, गिअरबॉक्स २:१. सध्या तीन पात्यांचा फिक्स्ड पंखा आहे, हबवर (पात्यांच्या मधल्या गाभ्यावर) १६ × १३ कोरलंय, म्हणजे व्यास १६ इंच आणि पिच (एका फेऱ्यात पंखा पुढे सरकायचं अंतर) १३ इंच. शिडावर जाताना बोटीला मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटतं, हलक्या वाऱ्यात तर फारच. आणि इंजिन फुल थ्रॉटलला ३००० च्या वर जात नाही, प्लेटवर ३६०० आहे, शिवाय काळा धूर. लांबचे पल्ले मारायचेत, धक्क्याला लागताना रिव्हर्स पण चांगला हवा. काय घेऊ, पाती मिटणारा फोल्डिंग की पाती पाण्याच्या प्रवाहाच्या रेषेत वळणारा फेदरिंग?

डिझेलदादा:
आधी धुराचं बघा, प्रकार नंतर ठरवा. इंजिनला पंखा जड होतोय. पण लगेच नवा घेऊ नका, आधी पंखा आणि बूड घासून स्वच्छ करा, नुसत्या शेवाळ-शिंपल्यांनी आरपीएम पडतो. न्यूट्रलमध्ये ३६०० ला पोचतंय ना तेही बघा, नाही पोचलं तर दोष पंख्याचा नाही, डिझेल लाईन किंवा गव्हर्नरकडे (इंजिनचा वेग आवरणाऱ्या भागाकडे) बघावं लागेल. स्वच्छ करूनही कमी पडलं तर पिच उतरवा, ढोबळमानाने १ इंच पिच कमी केलं की १५० ते २०० आरपीएम वाढतो. हिशोब पण करून बघितला, तुमच्या बोटीचा हल स्पीड (बुडाच्या लांबीने ठरणारा साधारण कमाल वेग) १.३४ गुणिले ३० चं वर्गमूळ म्हणजे साधारण ७.३ नॉट. गिअर २:१ म्हणून ३६०० ला पंख्याचा शाफ्ट १८०० फिरणार, १० इंच पिच धरलं तर मिनिटाला १५०० फूट म्हणजे १४.८ नॉट, त्यातला निम्मा स्लिपमध्ये (पंखा पाण्यात घसरून वाया जाणारा वेग) गेला की ७.४. म्हणजे १३ जास्तच आहे.

खारावारा:
मी फोल्डिंग आणि फेदरिंग दोन्ही वापरलेत. फोल्डिंग मिटला की ओढ सगळ्यात कमी, दोरी-जाळंही सहसा अडकत नाही. पण त्याची पाती फिरण्याच्या जोराने उघडतात आणि रिव्हर्समध्ये पाण्याचा रेटा त्यांना मिटवायला बघतो, म्हणून थांबायला वेळ लागतो, नव्या गिअरवाल्या मॉडेलात हे बरंच सुधारलंय. फेदरिंगची पाती रिव्हर्सला उलटी फिरतात, पुढची कड पुढेच राहते, म्हणून मागे खेचायची ताकद जवळपास पुढच्याइतकीच. बहुतेकांचं पिचही बदलता येतं, तुमच्यासाठी हाच मोठा फायदा आहे. ग्रीस आणि झिंक (पंख्याऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा तुकडा) मात्र वेळेवर बदला, मी एकदा झिंक संपेपर्यंत दुर्लक्ष केलं आणि हब खाल्ला गेला. तुम्हाला फेदरिंगच.

नाळेवरून:
नवा येईपर्यंत शिडावर असताना पंखा मोकळा फिरू द्या, लॉक केलेल्या फिक्स्ड पंख्याची ओढ साधारणपणे जास्त असते. फक्त गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का बघा, काहींना इंजिन बंद असताना शाफ्ट फिरवलेला चालत नाही. आणि ऑर्डर देण्याआधी पात्याचं टोक ते बूड हे अंतर मोजा, व्यासाच्या निदान १० टक्के, जमलं तर १५ ठेवा, नाहीतर थरथर आयुष्यभर.

शिडवाला:
घासलं! न्यूट्रलला ३६०० पार होतं, पाण्यात आता ३२०० मिळतात, धूर बराच कमी. म्हणजे ४०० कमी, दोन इंच उतरवायचे. फेदरिंग १६ इंची, पिच ११ ला लावून मागवतोय, टोकाचं अंतर सव्वादोन इंच भरलं.

डिझेलदादा:
मस्त, १४ टक्के झाले. बसवल्यावर टँक भरून, सामानासकट ट्रायल घ्या, रिकाम्या बोटीचा आरपीएम फसवतो.