नेमणुकीनंतरचे विद्यापीठ

बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे ठरवणाऱ्या यादीप्रमाणे, पदे भरली की विद्यापीठातील अल्पसंख्य कर्मचाऱ्यांचा प्रश्न सुटतो, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. मुळात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी त्या नामावलीत स्वतंत्र बिंदू नसतो. शिवाय कागदावरील मान्यता आणि प्रत्यक्ष स्वीकार यांतले अंतर मराठवाड्याने सोसलेले आहे: मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला, पण नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली, आणि मधल्या काळात दलित वस्त्यांनी काय भोगले हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको.

दलित किंवा मुस्लिम प्राध्यापकाला समान संधी कक्ष आणि जयंतीचे सूत्रसंचालन एवढेच सोपवायचे, मात्र अभ्यासमंडळ, खरेदी समिती आणि संशोधन मार्गदर्शकांच्या यादीचा विषय निघाला की त्याचे नाव सुचूच नये, यातून तो पाहुणाच राहतो. तासिका तत्त्वावरील शिक्षकांची अवस्था तर याहून बिकट, कारण पुढच्या सत्राची शाश्वती नसलेला माणूस तक्रार करणार तरी कशी? म्हणून प्रत्येक विभागाने समित्यांच्या नेमणुका आळीपाळीने कराव्यात, स्थाननिश्चितीचे (शिक्षकांच्या पदोन्नतीचे) प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवस थांबले ते सूचनाफलकावर लावावे आणि परीक्षेचे पर्यवेक्षण ठरवताना ईद व धम्मचक्र प्रवर्तन दिन आधीच लक्षात घ्यावेत.