सल्ला हवा: उताराच्या परसबागेत दगडांची पायवाट, काळ्या मातीत टिकेल का?

बालाघाटकर (अंबाजोगाई)
नमस्कार मंडळी. आमची परसबाग उतारावर आहे. मागच्या दारापासून खालच्या हौदापर्यंत ४५ फूट अंतर, आणि लेव्हल ट्यूब धरून मोजलं तर ६ फूट उतार. वर मुरूम लागतो, खाली सगळी काळी माती. मागच्या उन्हाळ्यात शहाबादीचे तुकडे नुसते मातीवर मांडले होते. पावसाळ्यात निम्मे तिरके झाले, दोनाखालची माती तर वाहूनच गेली. आई सत्तरीची, गुडघे दुखतात, तरी रोज सकाळी जास्वंदीची फुलं आणायला ती खाली जातीच. श्रावणात एकदा घसरली, मनगटाला लागलं. आता पक्कं काम करायचं आहे. गवंडी म्हणायलाय, सरळ सिमेंटचा कोबा करून टाका. काय करावं?

काळीमाती (परभणी)
दादा, कोबा नका करू. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या हालचालीत कोबा तडकतोच. आमच्या गोठ्यापुढचा दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकला आणि मग सगळा फोडून काढावा लागला. सुटा दगड हलला तर पहारीनं उचलून, खाली दगडाची बारीक कच टाकून अर्ध्या तासात परत बसतो.

उतारावरचं घर (लातूर)
ताईंना, म्हणजे तुमच्या आईंना, आता बरं आहे ना? आमच्या घरी सासऱ्यांसाठी असंच काम केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

दगडाच्या आधी पाणी बघा. वाटेच्या वरच्या अंगाला आडवा चर काढा, वीतभर खोल, आणि पाणी वाटेच्या बाजूनं खाली आळ्यात सोडा. हे केलं नाही तर वाट म्हणजेच ओहोळ होतो. तुमचे दगड त्यानंच उघडे पडले असणार.

मग पायऱ्या. ६ फूट म्हणजे ७२ इंच. ६ इंचांची एक पायरी धरली तर १२ पायऱ्या. ४५ फुटांत त्या सारख्या अंतरावर टाकल्या तर दर पावणेचार फुटांवर एक येते. मग दोन पायऱ्यांमध्ये दोनच पावलं पडतात आणि दर वेळी चढायला तोच पाय पुढं येतो. दुखऱ्या गुडघ्याला हे फार जाचतं. त्यापेक्षा चार-चार पायऱ्यांचे तीन टप्पे करा. पायरी १५ इंच रुंद ठेवली तर एक टप्पा ५ फुटांचा, तिन्ही मिळून १५. उरलेल्या ३० फुटांत सपाट वाट करा आणि दगड मध्यापासून मध्यापर्यंत २ फुटांवर ठेवा, १५ दगडांत काम होतं. पण मापाच्या आधी आईंना तिथून चालायला लावा आणि त्यांचं पाऊल जिथं पडेल तिथं चुन्यानं खूण करा. सासऱ्यांचं पाऊल २० इंचांचंच निघालं, आम्ही सगळं अंतर बदललं.

काम खालून वर करत या. सगळ्यात खालची पायरी अर्धी जमिनीत गाडा, तिच्यावरच सगळा भार येतो. वरची पायरी खालचीच्या मागच्या कडेवर दोन इंच चढली पाहिजे. पुढच्या बाजूला किंचित उतार द्या, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं.

काळीमाती (परभणी)
ताईंनी बरोबर सांगितलं. एक भर घालतो. काळ्या मातीच्या भागात ९-१० इंच उकरून माती बाहेर काढा, मुरूम भरा, दोन थरांत पाणी मारून धुम्मसानं ठोका, वर दोन इंच कच. आणि सपाटी करताना उतार कापून घ्या. पुढं भर टाकून त्यावर दगड ठेवला तर पहिल्याच पावसात भर बसते.

पाथरवट (धाराशिव)
दगडाचं सांगतो. शहाबादी कलबुर्गीकडून येतो, जवळचा आणि स्वस्त, पण तो थरांचा दगड. जमिनीला वापरतात ती पातळ फरशी इथं चालत नाही, मोडते. घ्यायचीच तर दोन इंची, बिनपॉलिशची घ्या. पायऱ्यांना मात्र आपला काळा दगडच, टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव ठेवलेला. पाय धरून राहतो. गावाकडं पडक्या माळवदाच्या भिंतीचे दगड असतील तर फार उत्तम, आमची अख्खी वाट त्याचीच आहे. एक ध्यानात ठेवा: काळा दगड मे महिन्यात दुपारी अनवाणी पायाला चटका देतो, तेव्हा वाट झाडाच्या सावलीतून न्या.

परसबाग (नांदेड)
पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना वाळा (खस गवत) लावा. मुळं सरळ खोल जातात, माती धरतात. हरळी लावू नका, दगडावर चढते आणि मग निघत नाही.

बालाघाटकर (अंबाजोगाई)
सगळ्यांचे आभार. आईचं मनगट आता बरं आहे. आज तिला चालवून खुणा केल्या, पाऊल १८ इंच आलं. आजोळच्या पडक्या घराचे दगड मामा द्यायला तयार आहेत. आता मे चालू आहे, पावसाच्या आत उरकून घेऊ का?

उतारावरचं घर (लातूर)
आत्ता फक्त चर काढा आणि वाळा आणून ठेवा, पहिला पाऊस पडला की लावा. माती आता भेगाळलेली आहे. आत्ता दगड बसवला तर ती फुगल्यावर उचलला जाईल. पावसाळाभर पाणी कुठून धावतं ते बघा आणि दसऱ्यानंतर, ओल थोडी उरलेली असताना, पायऱ्या बसवा. तोवर आईंना फुलं तुम्ही आणून द्या.