जागतिक नागरिकत्व हा विषय सर्व शाखांना सक्तीचा करावा का?

प्रश्न : प्राध्यापिका, सोलापूर

आमच्या महाविद्यालयात पदवीच्या सर्व शाखांसाठी जागतिक नागरिकत्व हा २ क्रेडिटचा, म्हणजे ३० तासांचा, सक्तीचा विषय ठेवण्याचा विचार चालू असून त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतील ४.७ या लक्ष्यातही ते येते. तेव्हा आधाराला तोटा नाही. धास्ती वेगळीच आहे. पर्यावरणाचा सक्तीचा विषय आमच्याकडे गाइड आणि झेरॉक्सवर निभावला जातो. मागच्या वर्षी अकरा वह्यांत उजनी धरणाचे तेच वर्णन, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह, मी तपासले. वर्गातली बरीच मुले पहाटेपासून काम करून तासाला येतात. त्यांना मी नेमके काय शिकवावे?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, राज्यशास्त्र

मॅडम, विषय सक्तीचाच असावा, कारण ऐच्छिक ठेवल्यास ज्यांना तो आधीच रुचतो तेच येतील. सुरुवात मात्र घोषवाक्यांनी करू नका. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. जयंतीला हार घालण्यापलीकडे आपण त्यांच्याकडे पाहत नाही. युद्धातील जखमींवर उपचार करता यावेत म्हणून ते चिनी भाषा शिकले, हा तपशील मला त्यांच्या त्यागाइतकाच मोलाचा वाटतो. दुसऱ्याची भाषा शिकण्याचे कष्ट या अभ्यासक्रमात कुठे बसतील, ते पाहावे.

उत्तर २ : टेरी टॉवेलच्या धंद्यातील कुटुंबातून

आमच्या घरी जग रंगाच्या हौदातून आले. ॲझो या कापडाच्या कृत्रिम रंगांपैकी काहींतून अमाइन नावाची कर्करोगकारक रसायने सुटू शकतात म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदी आणली, १९९७ मध्ये भारतानेही असे रंग हाताळण्यास मनाई केली आणि २००२ मध्ये युरोपीय संघाने अशा अमाइनसाठी दर किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. त्यानंतर परदेशी पाठवायच्या मालासोबत प्रयोगशाळेचा अहवाल जोडणे आलेच. तो अहवाल तयार कापडाचा असतो. माझे चुलते रंगकाम करीत. त्यांची नखे रविवारच्या अंघोळीनंतरही निळसर दिसत, आणि त्यांच्या हातांची तपासणी कोणी मागितल्याचे मला आठवत नाही. परक्या ग्राहकाच्या कातडीला जपणारा कायदा इथल्या कामगाराच्या कातडीपर्यंत किती पोहोचला, हा प्रश्न रसायनशास्त्र, वाणिज्य आणि कायदा या तिन्ही शाखांच्या मुलांना एकाच वर्गात बसवून विचारावा. गाइडमध्ये त्याचे उत्तर सापडणार नाही.

उत्तर ३ : विद्यार्थी, दुसरे वर्ष

आमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि बाजारात कन्नड बोलतात, त्यामुळे भाषेविषयी सरांनी लिहिलेले मनापासून पटले. एवढीच विनंती, की लेखी परीक्षेऐवजी प्रत्येकाला स्वतःच्या घरातील कामाविषयी वर्गासमोर बोलू द्यावे आणि त्यालाच गुण असावेत.

प्रश्नकर्त्या प्राध्यापिका

तिघांचेही आभार. ३० पैकी १२ तास रंगकामासाठी ठेवून मी मसुदा पुन्हा लिहीत आहे. उत्तर २ लिहिणाऱ्यांना विचारते : पहिल्या तासाला अनुभव सांगण्यासाठी एखादे जुने रंगकामगार आमच्या वर्गात येतील का?